शेवटची आठ पानं

आमच्या ठाण्याच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. दुसऱ्या वाचनालयांत असल्या फळ्यावर सुविचार लिहितात. आमच्याकडे पुस्तक हरवणाऱ्याचं किंवा फाडणाऱ्याचं नाव आडनावासकट महिनाभर त्यावर राही. चिटणीस अण्णा ताम्हाणे ते स्वतः लिहीत, मोत्यासारख्या अक्षरात, आणि लिहून झालं की दोन पावलं मागे जाऊन बघत. १९५५च्या भाद्रपदात त्या फळ्यावर 'सौ. शुभदा सुधीर फणसे' हे नाव लागलं, आणि ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

शुभदा आमच्या शेजारच्या घरातली सून. बावीस वर्षांची, माहेर कल्याणचं, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या सासऱ्यांना सुनेने चपला घालून बाहेर पडणंच मंजूर नव्हतं, तर पुस्तकं कसली! मी त्यांच्या ओटीवर बसून, "कर्णिकांची सुहासिनी बरोबर असल्यावर काळजी कसली," असं स्वतःच्याच तोंडाने म्हणून तिला परवानगी मिळवली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच ही वाचनालयात बायकांची वेळ. आठवड्यातले हे चार तास त्या पोरीचे स्वतःचे होते. बाकी सगळे घराचे.

त्या वर्षी आम्हा सगळ्याजणींना दुर्गा टिपणीसचं वेड लागलं होतं. दुर्गा ही एका रहस्यकथामालेतली नायिका. दर दोन महिन्यांनी तिचं नवं पुस्तक येई. गुप्तहेर म्हटलं की तोवर आम्हाला लांब कोट घातलेला, सिगारेट ओढत मोटार हाकणारा पुरुषच ठाऊक. त्याच्या करामती वाचताना वेळ बरा जाई, पण त्याला जेवायला कोण वाढतं, ते कधी कळलं नाही. दुर्गा अडतीस वर्षांची, शिवणकाम करणारी. घरोघरी जाऊन मापं घ्यायची. मागच्या दिवाळीला शिवलेलं पोलकं यंदा दंडात सैल का झालं, एवढ्यावरून तिला त्या घरात काय शिजतंय ते समजे. पोलीस दारात येत तेव्हा तिचे हात कणकेने भरलेले असत, आणि "थांबा जरा," म्हणून ती आधी हात धुऊन येई. एवढं एक वाक्य वाचून आमच्या डॉक्टरीणबाई वाचनालयात खो खो हसल्या होत्या.

बायकांच्या वेळेला आम्ही टेबलाभोवती बसून भांडत असू. पुतण्याने विष दिलं की मुनीमाने? शुभदा घरात तोंड उघडत नसे, पण इथे तावातावाने बोले. "काकू, दूध उतू गेलं असं ती मोलकरीण म्हणते ना? मग चुलीवर डाग कसा नाही?" आम्ही सगळ्याजणी रोज दूध तापवतो, आणि एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. असं काही तिला सुचलं की तिचा चेहरा पाहण्यासारखा होई. आयुष्यभर चूल सांभाळून जे कळतं त्यालाही अक्कल म्हणतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ते त्या दुर्गेने सांगितलं.

तर त्या शुक्रवारी शुभदा पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे आली. "काकू, शेवट नाही."

दुर्गेने सगळ्यांना वाड्याच्या दिवाणखान्यात बोलावलं होतं, मंडळी येऊन बसली होती, आणि तिथून पुढे पुठ्ठाच. आठ पानं गायब. मला त्याचं नवल वाटलं नाही. ज्येष्ठात माझ्या हाती आलेलं पुस्तकही असंच होतं. मी ते मुकाट्याने परत केलं होतं. आपल्यावर आळ नको, एवढाच विचार! आता चौकशी केली तर आणखी दोघींनीही तेच केलेलं निघालं. चांगल्या शिकलेल्या बायका आम्ही, आणि भित्र्या सशासारख्या गप्प.

"तूही गप्प परत करून टाक," मी म्हणाले. मला आज ते वाक्य आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

"मी का गप्प बसू? मी कुठे फाडलंय?" असं म्हणून ती, त्या दिवशी नेमके आलेल्या अण्णांच्या टेबलापाशी सरळ गेली आणि पुस्तक उघडून दाखवलं.

अण्णांनी चष्मा वर केला. पुस्तकातलं कार्ड काढलं. नवं कोरं पुस्तक, कार्डावर एकच नाव, शुभदाचं. झालं! तक्रार करणारीच चोर ठरली. अण्णा म्हणाले, "ब्लेडने कापली आहेत. उगाच साळसूदपणा करू नका. घरात भाजीबिजी बांधायला कागद लागला असेल." आणि खडू हातात घेतला.

संध्याकाळी तिचे सासरे तलावपाळीवर फिरायला निघाले ते फळ्यावरून घरी परतले. शुभदाचं बाहेर पडणं त्या क्षणापासून बंद. परवाचा सोडून पुढच्या रविवारी सभासदांची सभा होती. तिथे अण्णा दोन ठराव मांडणार होते. पहिला, सौ. फणसे यांचं सभासदत्व कायमचं रद्द करावं. दुसरा, स्त्रियांना रहस्यकथा घरी देऊ नयेत, कारण त्यांच्या वाचनाने गृहिणींचं चित्त चळतं. चित्त चळतं म्हणे! शुभदाचं नाव रविवारी कमी झालं असतं, तर सासऱ्यांनी तिला जन्मात पुस्तकाला हात लावू दिला नसता. हे तिला माहीत होतं. खिडकीच्या गजाआडून तिने मला एवढंच विचारलं, "काकू, ते पुस्तक तुम्हाला कुठे अखंड मिळालं तर शेवट काय होतो ते मला सांगाल ना?"

मंगळवारी मी तीनच्या ठोक्याला वाचनालयात हजर. अण्णा बायकांच्या वेळेला सहसा नसत. आमचा शिपाई विश्राम, चेंदणी कोळीवाड्यातला, पुस्तकांना कव्हरं घालत बसला होता. मी त्याच्याकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन पाहिलं. ब्लेडने कापलेली कड धारदार असते. ही कड मऊ होती, भिजवून सुटवल्यासारखी, बारीक लव असलेली. आणि शिवणीत एक सूत अडकलेलं होतं. सूत म्हणजे शिवायचा दोरा नव्हे. हाताने वळलेला कापूस, आणि त्याला किंचित करडा रंग.

मी कपाळावर हात मारला. वाती वळताना बोटांना राख लावतात, तो रंग. हे ठाण्यातल्या कुठल्याही बाईला दिसलं असतं, पण बायकांना कोणी विचारलं होतं कुठे? कापसाचा ओला दोर पुस्तकाच्या पोटात ठेवायचा, पुस्तक मिटायचं, वर पाटा ठेवायचा. घटकाभराने पानं आवाज न करता सुटून येतात. ब्लेड म्हणे! अण्णांच्या घरात ब्लेड दाढीचं, म्हणून जगात सगळं ब्लेडनेच कापलं जातं.

म्हणजे हे काम बाईचंच होतं. याचा मला जास्तच राग आला.

"विश्राम, हे पुस्तक कपाटात लागायच्या आधी कुठे होतं?"

"कुठं म्हंजे? साहेबांचे घरा," विश्राम मान वर न करता म्हणाला. "नवं बुक आलं का पयलं साहेबांकडं जातं. बायकांना देवाजोगं हाय का नाय ते साहेब बगतात. चार दिस तितं र्‍हातं, मंग शिक्का."

शिक्का होताच. पहिल्या पानावर, जांभळ्या शाईत: तपासले. खाली अण्णांची सही. आमच्यासाठी एवढे कष्ट घेत होते बिचारे. दुर्गा टिपणीसची सगळी पुस्तकं झोपाळ्यावर लोळून आमच्याआधी वाचत होते, आणि मग चित्त चळतं म्हणून आमच्यावर ठराव आणत होते!

अण्णांच्या घरी वाती वळणारी एकच व्यक्ती होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी त्या चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता. हळदीकुंकवाला गेलं तरी त्यांच्या मांडीवर कापूस असे.

बुधवारी दुपारी, अण्णा कचेरीत असताना, मी त्यांच्याकडे गेले. जाताना मनाशी वाक्यं जुळवत होते, एकाहून एक तिखट. सरस्वतीबाई पन्नाशीच्या, कृश, नऊवारीतल्या. त्यांनी मला पाट दिला, पाण्याचं तांब्याभांडं ठेवलं. मी पाण्याला हात लावला नाही. पदराच्या गाठीतून ते सूत काढलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

त्यांनी ते ओळखलं. उठल्या, आत गेल्या, आणि देवघरातून सोवळ्याच्या कापडात बांधलेला गठ्ठा आणून माझ्या पुढ्यात सोडला. आठ-आठ पानांचे चार संच. एकही पान दुमडलेलं नाही. कडा सरळ करून, वजन ठेवून सपाट केलेल्या.

"तुम्हाला पुस्तकंच वाचायची होती, तर वाचायची सगळी," माझा आवाज चढला. "शेवट कापून न्यायचे? आमची काय दशा झाली!"

"सगळं कधी वाचू?" त्या म्हणाल्या. "ह्यांना माझ्या हातात पुस्तक चालत नाही. लग्नानंतर एकदा दिसलं, तर चुलीत घातलं. ह्यांचं वाचून झालं की नवं पुस्तक परत द्यायला कपाटावर ठेवतात. सकाळी ह्यांची अंघोळ आणि पूजा होईपर्यंत मला वेळ मिळतो. तेवढ्यात सात-आठ पानं होतात. पहिल्या वेळी मी पुस्तक उघडलं ते नेमकं मागून उघडलं."

त्या थांबल्या. मग वरच्या संचावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही ते वाचलंय ना हो? सगळे पुरुष खुर्च्यांवर बसलेले असतात. वकील, डॉक्टर, जमीनदार. आणि ती उभी राहून बोलते. किती वेळ बोलते! आणि कोणी तिला मध्ये थांबवत नाही. कोणी म्हणत नाही, पुरे आता, पान वाढा. ती म्हणते, तुम्ही अमक्या दिवशी हे केलंत, आणि त्याला मान खाली घालावी लागते. मला वाटलं, एवढं एक आपल्याजवळ असावं. पुन्हा पुन्हा वाचायला."

माझी तिखट वाक्यं कुठे गेली कोण जाणे. पण राग गेला नाही. तो नुसता उठून दुसऱ्या माणसावर जाऊन बसला.

"सरस्वतीबाई," मी म्हणाले, "शुभदा फणसेचं नाव फळ्यावर आहे."

"कसला फळा?"

त्यांना काही माहीतच नव्हतं! नऊ वर्षं नवरा चिटणीस, आणि बाईने वाचनालयाचा उंबरा पाहिला नव्हता. मी सगळं सांगितलं. फळा, सासरे, रविवारची सभा. हातातल्या वातीचा त्यांनी पार चोळामोळा केला. "माझ्यामुळे?" असं दोनदा म्हणाल्या.

मी त्यांना काय सांगणार होते? तुम्ही पुढे या म्हटलं, तर त्या घरात त्यांचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. गप्प बसा म्हटलं, तर शुभदा गेली. मी उठले. "पानं मी पुस्तकात ठेवून देते, कोणाला काही सांगत नाही," एवढं बोलून गठ्ठ्याला हात घातला. तर त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला. मला ते तेव्हा कळलं नाही. वाटलं, एवढी माया कागदांची! चिडूनच घरी आले.

रविवारी सकाळी दहाला सभा भरली. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर आम्ही नऊ-दहा बायका. शुभदा नव्हतीच. तिचे सासरे मात्र पहिल्या रांगेत, सुनेची अब्रू जाताना बघायला. अध्यक्ष महिपतराव, वयोवृद्ध, कानाला हात लावून ऐकणारे. अण्णांनी पहिला ठराव वाचला. ग्रंथ म्हणजे सरस्वती, तिची विटंबना, वगैरे.

मी उभी राहिले. "अध्यक्षमहाराज, पुस्तकाची पानं ब्लेडने—"

"वहिनी, बसा," अण्णा म्हणाले. "चर्चा नंतर."

"नंतर कधी? नाव काढून टाकल्यावर?"

"अहो, खाली बसवा त्यांना," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. आमचे यजमान प्रभाकरपंत दुसऱ्या रांगेत होते. ते मान न वळवता छताकडे बघू लागले. याचा हिशेब मी घरी गेल्यावर चुकता केला, पण ते असो.

तेवढ्यात दारातून सरस्वतीबाई आत आल्या. खांद्यावरून पदर, हातात सोवळ्याच्या कापडातला गठ्ठा. दाराशी फळ्यापुढे त्या क्षणभर थांबल्या होत्या, हे विश्रामने मला नंतर सांगितलं. चालत सरळ टेबलापर्यंत गेल्या आणि गठ्ठा महिपतरावांसमोर ठेवला.

"ही पानं मी काढली," त्या म्हणाल्या. "फणशांच्या सुनेने नाही."

सभेत एकच गलका झाला. हे काही पुस्तकातल्यासारखं नव्हतं. एक जण म्हणाला, "कोण या?" दुसरा म्हणाला, "चिटणिसांच्या मंडळी!" तिसरा हसला. अण्णा उठून त्यांच्या कानाशी आले आणि दात आवळून म्हणाले, "घरी चल. आत्ताच्या आत्ता." सरस्वतीबाई बोलतच राहिल्या. वाक्य अर्ध्यावर तुटत होतं आणि त्या ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. "पुस्तक आमच्या घरी येतं... ह्यांच्या पूजेच्या वेळेला... पुस्तक आमच्या घरी येतं..." पाच वेळा त्यांना अडवलं. मी मोजलं. पाचव्या वेळी मी सतरंजीवरून ओरडले, "बोलू द्या की त्यांना!" आणि मग आमच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, आणि मग सगळ्याच.

शेवटी महिपतरावांनी टेबलावर हात आपटला. सरस्वतीबाईंनी सगळं सांगितलं, कापसाचा दोरही आणि चुलीत घातलेलं पुस्तकही. अण्णांची मान हळूहळू खाली गेली.

"मग नियमाप्रमाणे त्या पोरीऐवजी ह्यांचं सभासदत्व रद्द करावं लागेल," महिपतराव चाचरत म्हणाले.

"मी सभासद नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"नाही?"

"नाही. आधी मला सभासद करा. मग काढून टाका. फळ्यावर नावही लिहा."

कोणाला हसावं की काय करावं ते कळेना. नियमावली उघडली गेली. शिक्षा सभासदालाच. विश्रामने कोणी न सांगताच अर्ज आणून टेबलावर ठेवला. सरस्वतीबाईंनी त्यावर आपलं नाव लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर. खाली स्त्री सभासदांसाठी एक ओळ असे: पती अथवा पालकाची संमती. हा नियम अण्णांनीच घातला होता. अर्ज त्यांच्यापुढे सरकवला गेला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तीसेक माणसं त्यांच्या हाताकडे बघत होती. सही करावी तर बायको सभासद होणार आणि पुढच्या क्षणी तिचं नाव त्यांनाच फळ्यावर लिहावं लागणार. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

म्हणजे शिक्षा करायला कोणी उरलंच नाही. शुभदाचं नाव विश्रामने ओल्या फडक्याने पुसलं. तिचे सासरे उठून गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग त्यांच्या ओटीपर्यंत गेले. चूक झाली, सुनेला परत पाठवतो, असं त्यांच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही. त्यांना ते बोलायला पाऊण तास लागला.

दुसरा ठराव मात्र मंजूर झाला! मी बाहेर पडल्यावर, अकरा विरुद्ध नऊ. बायकांना मत नव्हतंच. एवढं सगळं होऊन, सगळं ऐकून, रहस्यकथा स्त्रियांना घरी देऊ नयेत. मला वाटलं, त्या फळ्यावर त्या अकरा जणांची नावं लिहावीत, तीही आडनावासकट.

पण 'घरी' असा शब्द अण्णांनीच घातला होता. वाचनालयात बसून वाचायला कोणाला बंदी नव्हती, आणि बसून वाचायला सभासदही असावं लागत नसे. मंगळवारी तीन वाजता आम्ही चौदा जणी टेबलाभोवती होतो. शुभदा होती. सव्वातीनला सरस्वतीबाई आल्या. त्यांच्या घरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मनगटावर जे दिसत होतं त्याबद्दल विचारलं तर पदर पुढे ओढला. ते आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात.

विश्रामने पानं खळीने पुन्हा चिकटवली होती. सरस्वतीबाईंनी त्यांतलं पहिलं पुस्तक घेतलं आणि दाराजवळच्या बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. वाचताना ओठ हलत होते. मधूनच शुभदा माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, त्यांना तर खुनी कोण ते ठाऊक आहे. मग काय वाचतायत एवढं?"

पाच वाजायला आले तेव्हा मी उठून त्यांच्यापाशी गेले. त्यांचे डोळे भरले होते. पुस्तकाचं पान बोटाने धरून त्या माझ्याकडे रागाने बघत होत्या, जणू ते मीच केलं होतं.

"जिला मारलं ती किती चांगली बाई होती हो," त्या म्हणाल्या. "तिकडे शेवटी तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही."